शरणपूर ते फ्रेअरटाउन : खापरपणजीच्या मागावर

माझ्या आईच्या आजीची आई आफ्रिकेतून आली होती. लहानपणी धरून आणलेली, गलबतात कोंबून विकायला नेलेली, वाटेत इंग्रजी आरमाराने सोडवलेली आणि मग मुंबईमार्गे नाशिकला, शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवलेली. आमच्या घरात ही गोष्ट कुणी लपवली नाही, पण कुणी पोरांना समोर बसवून नीट सांगितलीही नाही. लग्नकार्यात दोन म्हाताऱ्या शेजारी बसल्या की एखादं वाक्य कानावर यायचं, तेवढंच. नोकरीतून मोकळी झाल्यावर ठरवलं की आता तिचा माग काढायचा. मावसभाऊ सोबत आला. फोटो त्याने काढायचे आणि टिपणं मी घ्यायची, अशी वाटणी.

तिचं बाप्तिस्म्याचं नाव मी इथे देत नाही. घरातल्या थोरांना ते नको आहे आणि मला ते पटतं.

सोमवार, मुंबई

काळ्या घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या दगडी इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. वही आणि पेन्सिल घेऊन आत गेलो. मुंबई सरकारच्या जुन्या पत्रव्यवहारात गुलामांच्या व्यापाराचा विषय वर्षानुवर्षं चालू राहिलेला दिसतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किलवा आणि झांझिबारहून गलबतं निघायची ती नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर, अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे. म्हणून आरमाराची गस्तही त्याच हंगामात. पकडलेल्या गलबतावरची माणसं एडनला नाहीतर मुंबईला उतरवली जात. मुंबईत त्यांचा ताबा पोलीस कमिशनरकडे. मोठ्यांना घरकाम, गोदी, जहाजं अशी कामं लावून दिली जात आणि मुलं मिशनांकडे किंवा ‘बऱ्या’ घरांकडे सोपवली जात.

हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामीला कोर्टात थारा राहिला नव्हता, पण समुद्रावर व्यापार जोरात होता. झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद व्हायला १८७३ साल उजाडावं लागलं. खापरपणजी आली ती त्याच्या आधी, १८६० नंतरच्या चार-पाच वर्षांत केव्हातरी.

दुपारभर कागद चाळताना एक गोष्ट टोचत राहिली. आकडे फार नेमके आहेत. पुरुष किती, बायका किती, मुलगे किती, मुली किती. याचं कारण जिव्हाळा नव्हे. सोडवलेल्या प्रत्येक डोक्यामागे जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना बक्षिसाची रक्कम मिळायची, म्हणून मोजदाद चोख. नावांची कुणाला गरज नव्हती. तिचं नाव तिथे सापडेल अशी आशा मीही धरली नव्हती. ज्या नावाने आम्ही तिला ओळखतो, ते त्या दिवशी तिला मिळालेलंच नव्हतं आणि आईने ठेवलेलं नाव विचारून लिहून घ्यायला तिथे कुणी बसलं नव्हतं.

मंगळवार, नाशिक

सकाळच्या गाडीने निघालो. कसाऱ्यानंतर गाडी थळ घाट चढायला लागली तसं मनात आलं, हा घाटातला रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला. ती त्याच्या आधी आली असेल तर हा चढ तिने बैलगाडीतून किंवा पायी चढला असणार. सात-आठ वर्षांची मुलगी, समुद्र ओलांडून आलेली, आता डोंगर चढते आहे. सोबत असलेल्या मोठ्या माणसांची भाषा तिला कळत नाही.

शरणपूर आज नाशिकच्या पोटात गडप झालं आहे. शरणपूर रोडवर दुकानं, दवाखाने आणि अपार्टमेंटं. कॅनडा कॉर्नरला रिक्षावाल्याला विचारलं तर त्याला शरणपूर म्हणजे फक्त रस्ता ठाऊक. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात गावाबाहेर ही ख्रिस्ती वसाहत वसवली, कारण बाप्तिस्मा घेतलेल्यांना गावात राहणं अवघड होई. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख. १८६० च्या सुमारास तिथेच सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम सुरू झाला. मुलग्यांना सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं. मुलींना शिवण, स्वयंपाक आणि त्यांनाही लिहिणं-वाचणं.

या ‘नाशिकच्या मुलां’ची नावं जगाला ठाऊक आहेत. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईला आला, नाशिकलाही येऊन गेला आणि आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी इथली नऊ मुलं घेऊन गेला. नंतर १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी आणखी मुलं इथूनच पाठवली गेली. त्यांत जेकब वेनराइट होता, मॅथ्यू वेलिंग्टन होता, कॅरस फॅरर होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी वारला. त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, प्रेत वाळवून बांधलं आणि या सगळ्या सोबत्यांनी ते खांद्यावर घेऊन समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणलं. वाट दीड हजार किलोमीटरच्या आसपासची. पुरताना प्रार्थना म्हटली ती जेकब वेनराइटने, झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. लिहिणं-वाचणं तो नाशिकला शिकला होता. पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत १८ एप्रिल १८७४ ला दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. नाशिककरांना आपल्या शहराचं हे ऋण फारसं ठाऊक नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मलिक अंबर आपण शाळेत शिकतो, जंजिऱ्याचे सिद्दी शिकतो. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताकरविता झाला, हे आपल्याला माहीत असतं. शरणपूरच्या पोरांना मात्र पुस्तकात ओळसुद्धा नाही.

पण मी इथे मुलींसाठी आले होते. मुलग्यांचे माग उरले, कारण ते गोऱ्या माणसाबरोबर चालले आणि गोऱ्या माणसाने रोजनिशी लिहिली. मुली कुठे गेल्या? एकच जागा उरते, लग्नाच्या नोंदवह्या.

इथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी जुन्या वह्या कपाटातून काढून टेबलावर ठेवल्या. कागद कडांना विटकरी झालेला, शाई मधे मधे फिकी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एका ओळीत ती आहे. वय अंदाजे. आईबापांच्या नावाचे रकाने रिकामे. वरच्या ओळीतल्या मुलाचेही रिकामे, खालच्या मुलीचेही. ती सगळी एकाच दिवशी बाप्तिस्मा झालेली मुलं.

मग लग्नाची नोंद सापडली. साल १८७४. नवरा शरणपूरचाच, मराठी ख्रिस्ती सुतार. वडिलांच्या नावाच्या जागी आडवी रेघ. आणि खाली सही.

मी बराच वेळ बोलू शकले नाही. बालबोध अक्षरात, शिरोरेघ आधी ओढून मग त्याखाली अक्षरं लटकवल्यासारखी, शाळेत शिकवतात तशी. दुसऱ्या अक्षराचा काना जरा लांब खाली गेलेला, टाकाने कागद ओरखडलेला. नवऱ्याची सही मोडीत, सरावाची, झपाट्याने केलेली. तिची सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. तिच्याविषयीचं सगळं इतरांनी लिहिलंय. एवढी एक ओळ तिची. मावसभावाने फोटो काढला, पाळकसाहेबांनी वही जरा उजेडाकडे फिरवली.

संध्याकाळी मावशीकडे गेलो. मावशी पंच्याऐंशीची आहे, कान मंद झालेत, पण आठवण लख्ख. आमच्या आजीने खापरपणजीला पाहिलं होतं. आजी बारा-तेरा वर्षांची असताना ती गेली. आजीने सांगितलेलं मावशीने पुन्हा सांगितलं.

“मावशी, ती दिसायला कशी होती?”

“उंच. काळीभोर. नऊवारी नेसायची, डोक्यावर पदर. कपाळाला हात लावू द्यायची नाही.”

“का गं?”

“व्रण होता ना तिथे. टिळा नव्हे, कातडीच उठलेली. चंद्रकोर, पण उलटी. टोकं खाली. आई म्हणायची, मी लहानपणी विचारलं, आजी, तुझी कोर उलटी कशी? तर म्हणाली, माझ्या आईने करून घेतली.”

हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. आईच्या तोंडूनही नाही. मावशीला ते विशेष वाटलंच नव्हतं, म्हणून तिने कधी काढलं नाही.

मग ती म्हणाली, “आणि एक भाऊ होता तिचा. सख्खा होता की नाही देवाला ठाऊक. एकाच गलबतात आलेले. तो बोटीने गेला मोंबाशाला, परत आला नाही.”

शुक्रवार, नैरोबी

विमान रात्रीचं होतं. नैरोबीला उतरून सामान ठेवलं आणि थेट केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलो. इमारत पूर्वी नॅशनल बँक ऑफ इंडियाची होती. खाली जोसेफ मुरुंबी यांचा कलासंग्रह आहे. मुरुंबी केनियाचे दुसरे उपराष्ट्रपती, वडील गोव्याचे आणि आई मसाई. गोवेकरांनी या देशाच्या कारभारात किती हातभार लावला ते इथे पावलोपावली दिसतं. आमच्या कामाचं म्हणाल तर मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन या सोडवलेल्या माणसांच्या वस्तीच्या जमिनीसंबंधीचे काही कागद पाहिले, पण ते फार पुढच्या काळातले. मिशनचा मूळ पत्रव्यवहार इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तिकडे अर्ज केला आहे.

शनिवार, मोंबासाकडे

नैरोबी-मोंबासा गाडीत खिडकीशी बसून लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासाच्या नोंदी वाचत होते. सोबतच्या नाशिकच्या मुलांबद्दल तो अनेकदा तक्रार करतो. आळशी आहेत, काम टाळतात. पुढे त्याचं प्रेत घेऊन आलेल्यांत नाशिकचीच मुलं होती, हे लक्षात ठेवून वाचलं की त्या तक्रारींचं वजन कमी होतं.

त्सावोच्या माळावरून गाडी चालली होती. १८६६ सालच्या, रोवुमा नदीकाठच्या नोंदींत एका जागी मी थांबले. माकुआ लोकांची खूण त्याने लिहिली आहे. कपाळावर चंद्रकोरीसारखा व्रण, टोकं खाली वळलेली.

मी पुस्तक मावसभावाकडे दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि काही न बोलता परत दिलं. मावशीने हे पुस्तक कधी हातात धरलेलं नाही. आजीने तर नाहीच. आजीच्या बालवयातला प्रश्न, तिला मिळालेलं उत्तर आणि परक्याने नदीकाठी केलेली नोंद, तिन्ही एका ठिकाणी येऊन टेकली होती. माकुआ म्हणजे आजच्या उत्तर मोझांबिकचे आणि टांझानियाच्या दक्षिण टोकाचे लोक. किलव्याला जाणाऱ्या गुलामांच्या तांड्यांना त्या भागातून माणसं मिळत. गाव कळणार नाही, घर कळणार नाही. पण ती कुठली, या प्रश्नाला ‘आफ्रिकेची’ एवढंच उत्तर आता द्यावं लागणार नाही. आणि तिची आई होती, तिने लेकीच्या कपाळावर आपल्या लोकांची खूण करून घेतली होती. रिकाम्या रकान्यात लिहायला एवढं तरी मिळालं.

मोंबासाला उतरलो तेव्हा घामाने चिंब.

रविवार, फ्रेअरटाउन

मोंबासा हे बेट. न्याली पुलावरून मुख्य भूमीवर आलं की थोड्याच अंतरावर रस्त्याच्या तिठ्यावर एका कमानीत घंटा टांगलेली आहे. या जागेला केंगेलेनी म्हणतात; स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. गुलाम पकडणारे आले की इशारा म्हणून ती वाजवली जायची. भोवती मटाटू म्हणजे प्रवासी व्हॅन, टुकटुक, फळवाले. कुणी वर बघत नाही, पण जागेचं नाव मात्र रोज तोंडी.

झांझिबारच्या सुलतानाशी करार करायला आलेले सर बार्टल फ्रेअर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. शरणपूरचं काम त्यांना ठाऊक होतं. सोडवलेल्या माणसांसाठी अशीच वस्ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच करावी असं त्यांनी सुचवलं. मग नाशिकचेच प्राइससाहेब १८७४ च्या अखेरीस इथे आले, १८७५ मध्ये वस्ती उभी राहिली आणि नाव फ्रेअरटाउन पडलं. हिंदुस्थानातून सुमारे दीडशे आफ्रिकी माणसं इथे आली. त्यांना इथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. सुतार, लोहार, गवंडी, शिक्षक, धर्मोपदेशक, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘थेटिस’ या युद्धनौकेने अडीचशेहून अधिक माणसं एकदम आणून उतरवली. त्यांना घरं बांधून देणारे, भाषा समजावून सांगणारे आणि पहिल्या रात्री पाणी देणारे हे शरणपूरचेच लोक असणार. दहा-बारा वर्षांपूर्वी हेच त्यांच्यावर गुदरलं होतं.

आमच्या खापरपणजीचं लग्न १८७४ मध्ये झालं होतं, नवरा नाशिकचा, मराठी. म्हणून ती राहिली. साल सहा-आठ महिने मागेपुढे झालं असतं तर कदाचित तीही बोटीत असती आणि मी नसते.

एमॅन्युएल चर्चमध्ये उपासनेला बसलो. स्वाहिलीतला एक शब्द कळत नव्हता, पण चाली ओळखीच्या. काही आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मराठी शब्दांवर गातात त्याच. उपासना संपल्यावर एका बाईंशी ओळख करून दिली गेली. वय सत्तरीच्या पुढे, कितेंगे या छापील कापडाचा पायघोळ झगा, हातात काठी. त्यांचे पणजोबा नाशिकहून आलेले. आम्ही कुठून आलो ते सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला तो घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

घरी जेवायला म्बाझी आणि महाम्री. म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, महाम्री म्हणजे वेलदोड्याच्या वासाची गोडसर पुरी. खाता खाता त्या बोलत होत्या. पणजोबा सुतार. पणजी शरणपूरच्या आश्रमातलीच, ती पोरांवर रागावली की हिंदुस्तानीत बोलायची, म्हणून पुढच्या पिढ्यांना हिंदुस्तानी म्हणजे फक्त रागाची भाषा वाटायची. सांगताना त्या हसल्या आणि मग गप्प झाल्या.

“इथल्या लोकांनी आम्हाला आपलं कधी मानलं नाही,” त्या म्हणाल्या. “मिशनच्या साहेबांनीही नाही. गोऱ्या उपदेशकाला एक पगार, आमच्या माणसाला दुसरा. काम तेच.”

हे कागदोपत्रीही आहे. ‘बॉम्बे आफ्रिकन’ मंडळींनी पगार आणि वागणूक यांबद्दल वारंवार तक्रारी केल्या आणि मिशनऱ्यांनी त्यांना उद्धट ठरवलं. १८८० च्या आसपास तर वस्तीच्या अधीक्षकाने लोकांना फटके मारल्याचं प्रकरण उघडकीला येऊन चौकशीही झाली. गुलामीतून सोडवलेल्या माणसांना त्यांच्याच आश्रयस्थानी फटके. ज्यांनी शरणपूर उभारलं त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे, ती खोटी नाही. त्यांच्यामुळे माझं घराणं आहे. पण हेही तितकंच खरं आहे आणि आमच्या मंडळीच्या जयंत्या-वर्धापनदिनांना यातलं काही सांगितलं जात नाही, ते सांगायला हवं.

मी त्यांना ‘भावा’बद्दल विचारलं. नाव सांगितलं. त्या नावाचे दोघे-तिघे त्यांना पिढीजात ठाऊक होते, कारण मिशनऱ्यांनी तीच ती नावं कितीतरी मुलांना दिली होती. शेवटी त्या म्हणाल्या, “सख्खा होता का, असं का विचारता? एका गलबतातले सगळे भाऊ-बहीणच. आमच्याकडे अशा घरांत अजून सोयरीक करत नाहीत.”

दुपारी चर्चजवळच्या जुन्या कबरींमधून हिंडलो. ज्यांवर अक्षरं वाचता येतात अशा थोड्या. मावसभावाने प्रत्येकीचा फोटो घेतला. तो भाऊ यांत असेल किंवा नसेलही.

सोमवार, राबाई

मोंबासापासून वीसेक किलोमीटर, टेकड्यांवर, नारळींच्या दाट राईत राबाई. जर्मन मिशनरी क्राफ आणि रेबमान इथे १८४० च्या दशकात आले. रेबमान तर जवळपास तीस वर्षं राहिला आणि शेवटी आंधळा होऊन १८७५ मध्ये परत गेला. आज इथे छोटं संग्रहालय आहे.

मला इथे यायचं होतं ते विल्यम जोन्ससाठी. लहानपणी विकला गेलेला, सोडवलेला, नाशिकला शिकलेला. १८६४ मध्ये तो, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड असे नाशिकचे तरुण बायकांसह रेबमानच्या मदतीला आले, म्हणजे फ्रेअरटाउनच्या दहा वर्षं आधी. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स सोबत होता. बिशपना बुसोगात ठार केलं गेलं. मागे राहिलेला तांडा शोकाचं निशाण लावून राबाईला परत आणला तो जोन्सने.

पण त्याचं खरं मोठं काम त्यानंतरचं. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईला आश्रयाला येत. मिशनचं धोरण त्यांना ठेवून न घेण्याचं होतं, कारण मालकांशी आणि सुलतानाशी वाकडं नको. जोन्स मात्र त्यांना झोपड्या बांधायला जागा देत गेला. १८८८ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा अशी माणसं शेकड्यांनी निघाली. मालक हत्यारं घेऊन येतील अशी वेळ आली. अखेर इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझीने मालकांना पैसे देऊन तडजोड केली आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्ततेची पत्रं दिली गेली. भरपाई मालकांना, गुलामांना फक्त कागद. केनियाच्या किनाऱ्यावर गुलामी कायद्याने संपली ती पुढे १९०७ साली.

संग्रहालयाच्या पायरीवर बसून मी हिशेब मांडत होते. जोन्सने दार उघडं ठेवलं, कारण त्याला बंद दाराबाहेरची बाजू ठाऊक होती. आणि त्या झोपड्यांत स्वयंपाक कुणी केला, आजारी पोरं कुणी सांभाळली, पळून आलेल्या बाईला पहिलं लुगडं कुणी दिलं? जोन्सच्या आणि सेम्लरच्या घरातल्या बायकांनी, नाशिकहून आलेल्या. माझी खापरपणजी ज्या ओसरीवर शिवण शिकली, त्याच ओसरीवर शिकलेल्या बायकांनी.

संग्रहालयाच्या वाटाड्याने विचारलं, तुमची खापरपणजी काय काम करायची? सुईण होती, मी म्हटलं. शरणपुरातल्या दोन पिढ्या तिच्या हातावर आल्या असं आजी सांगायची. त्याने ते आपल्या वहीत लिहून घेतलं. नाशिकला राहिलेल्या बायकांचं पुढे काय झालं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मंगळवार, मोंबासा

फोर्ट जीझस पाहिला. पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेला, कारभार गोव्याहून चालायचा. नंतर ओमानच्या अरबांकडे, इंग्रजांच्या काळात तुरुंग. जुन्या बंदराकडे तोंड करून उभं राहिलं की समोरच्या काठावर फ्रेअरटाउनची बाजू दिसते. संध्याकाळी त्या बाई पुन्हा भेटल्या. त्यांच्या घरच्या जुन्या कागदांचे फोटो घेऊ दिले, त्यात पणजोबांचं लग्नाचं पत्र आहे. विवाहाची जागा शरणपूर. साक्षीदाराच्या जागी एक सही आहे, मोडीत. मला मोडी लागत नाही. नाशिकच्या लग्नाच्या वहीतली नवऱ्याची सही आणि ही सही शेजारी ठेवून जाणकाराला दाखवायची आहे. दोघे सुतार, एकाच कारखान्यात शिकलेले, साक्षीला उभा राहिला असेलही. आताच काही म्हणत नाही.

बाईंना डिसेंबरात नाशिकला यायचं आहे. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, “येऊ दे. माझ्याकडेच उतरू दे तिला, हॉटेलात नको.”

आता वाचणाऱ्यांना एक विनंती. नाशिक, मनमाड, मालेगाव, अहमदनगर, मुंबई या भागांतल्या जुन्या ख्रिस्ती घरांत १८६० ते १८८० मधले बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाची पत्रं, घरच्या बायबलच्या पहिल्या पानावरच्या नोंदी असतील, तर त्या बाहेर काढून पाहा. आईबापांचा रकाना रिकामा असलेल्या मुली शोधा. वधूच्या वडिलांच्या नावाजागी रेघ असेल तिथे थांबा. घरात पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर कागदांच्या आधी त्यांच्याकडे बसा आणि दिसायला कशी होती, कपाळावर-गालावर खूण होती का, हेही विचारा. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलेलं नसतं.

मोडीच्या दोन्ही सह्या पुढच्या आठवड्यात पुण्याला घेऊन जाते आहे.